पहिला क्रमांक कोणत्या मूल्याला? एका तक्त्याने अडवून धरल्याचा माझा अनुभव

आपल्या मूल्यांना धरून आयुष्याची आखणी करावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती आखणी ज्या कागदावर करायची असते त्या कागदाविषयी मात्र कोणी बोलत नाही. तो कागद गेल्या वर्षी माझ्या हाती आला आणि त्याच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीचे काम करतो. गाव खानापूर तालुक्यात; आई तिथे राहते आणि भाताची थोडी शेती पाहते. मी, पत्नी आणि मुलगा बेळगावात राहतो. कंपनीने मला चाकणच्या कारखान्यात बढती देऊ केली आणि निर्णय घेण्यापूर्वी बाहेरच्या एका प्रशिक्षण संस्थेची ‘जीवन नियोजन’ कार्यशाळा करण्यास सांगितले. कार्यशाळेत एक वही मिळाली. सध्याच्या आयुष्याचा आढावा, आरोग्य, पैसा, मित्रमंडळी ही पाने एका संध्याकाळीच भरून झाली.

अडले ते मूल्यांच्या पानावर. तिथे शब्दांची लांबलचक यादी होती. तीतून पाच शब्द निवडायचे आणि त्यांना एक ते पाच असे क्रम द्यायचे. दोन मूल्यांना एकच क्रमांक देण्यास मनाई होती, आणि वही भरल्यावर तीच माहिती संगणकावरही भरायची असल्यामुळे ही मनाई टाळण्याचा मार्ग नव्हता. मी ‘कुटुंब’ आणि ‘कामातील कसब’ या दोघांना पहिला क्रमांक दिला होता. संगणकाने तो घेतला नाही आणि वहीतले माझे पान प्रशिक्षकांनी लाल शेरा मारून परत केले. पुढची पाने या क्रमावर अवलंबून होती, त्यामुळे प्रशिक्षक पुन्हा बेळगावला येईपर्यंत माझी आखणी तिथेच थांबली आणि चाकणहून मात्र उत्तरासाठी फोन येत राहिले.

या पानाचा मला इतका त्रास का झाला, हे थोडे उलगडून सांगायला हवे. ‘कुटुंब’ म्हणून कोणाला धरायचे? आईला रोप लावणीच्या दिवसांत कोणीतरी जवळ हवे असते. मुलाला पदविकेनंतर पुण्याला जायचे होते, म्हणजे माझी चाकणची बढती त्याच्या पथ्यावरच पडणार होती. पत्नीचा शिवणकामाचा व्यवसाय आहे आणि टिळकवाडीपासून शहापूरपर्यंतची तिची गिऱ्हाइके तिने वर्षानुवर्षे सांभाळून जोडलेली आहेत. ती चाकणला घेऊन जाता येत नाहीत. तिघेही माझे कुटुंबच, आणि तिघांची ओढ तीन दिशांना. अशा स्थितीत कुटुंबाला पहिला क्रमांक दिला काय आणि तिसरा दिला काय, चाकणला जावे की नाही या प्रश्नाचे उत्तर त्यातून निघत नव्हते. कसबाची गोष्ट अशी की, ओतीव तुकड्यावर हातोडीने हलकेच मारल्यावर जो आवाज येतो, त्यावरून आत भेग आहे की नाही हे मला बहुतेक वेळा सांगता येते. ही विद्या मिळवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत आणि तिला दुसरा क्रमांक देण्यास माझा हात धजेना.

प्रशिक्षक आले तेव्हा त्यांनी मला समजावण्यासाठी एक प्रसंग घातला: “समजा, मुलाला ताप आला आहे आणि त्याच दिवशी भट्टीवर तुमची गरज आहे, तर तुम्ही कुठे जाल?” मी म्हणालो, “सर, ते ताप किती आहे त्यावर अवलंबून आहे.” त्यांना ते उद्धटपणाचे वाटले असावे. मी मात्र मनापासून बोललो होतो आणि आजही माझे उत्तर तेच आहे.

वाट मोकळी झाली ती माझ्या मेहुणीमुळे. ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तिने सांगितले की क्रम लावण्याची ही पद्धत मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून रूढ झाली. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीत त्याने आयुष्यात काय साधायचे याची 18 मूल्ये एका यादीत आणि कसे वागायचे याची 18 मूल्ये दुसऱ्या यादीत ठेवली होती. आमच्या वहीत या दोन्ही जातींचे शब्द एकाच यादीत मिसळलेले होते. मेहुणीने पुढे शालोम श्वार्ट्झ यांची 1992 सालची मांडणी दाखवली. त्यांनी दहा मूलभूत मूल्ये वर्तुळात मांडली आहेत: शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची मूल्ये एकमेकांना ओढून धरतात. यश आणि सत्ता एका बाजूला, तर जवळच्यांचे हित आणि सर्वांचे हित त्यांच्या समोर. स्वतः निर्णय घेण्याची व नवे करून पाहण्याची ओढ एका बाजूला, तर सुरक्षितता, नियमपालन आणि परंपरा समोर. क्रमाचा खरा प्रश्न दोन मूल्यांची एखाद्या ठरावीक प्रसंगी टक्कर होते तेव्हाच उभा राहतो, असे तिचे म्हणणे होते.

मग मी चाकणचा प्रस्ताव त्या वर्तुळावर ठेवून पाहिला. त्यात पद होते, पगार होता आणि हाताखाली माणसे होती. ओतीव तुकड्याला हात लावण्याचे काम मात्र नव्हते, कारण त्या पदावरचा माणूस दिवसभर बैठका घेतो आणि अहवाल पाहतो. म्हणजे ज्या दोन मूल्यांना मी पहिला क्रमांक दिला होता ती या प्रश्नात एकमेकांच्या विरुद्ध उभीच नव्हती. दोन्ही बढतीच्या विरुद्ध बाजूला होती. लाल शेरा मारलेले माझे पान बरोबर होते, हे कळल्यावर झालेला आनंद मी लपवणार नाही. संगणकापुरता मी कसबाला दुसरा क्रमांक देऊन टाकला आणि पुढे गेलो. आपणही अशा ठिकाणी फार काळ भांडत बसू नये.

मूल्यांचे शब्द वहीत थेट न लिहिता चिठ्ठ्यांवर लिहावेत, म्हणजे त्या टेबलावर हलवून पाहता येतात. ज्याला आपण मूल्य म्हणतो त्यावर आठवड्याचे किती तास जातात, याची नोंद काही आठवडे ठेवावी. माझे गावाकडे जाणे जितके मला वाटत होते त्याच्या निम्मेही निघाले नाही. घरच्यांना एकत्र बसवून विचारू नये, एकेकट्याला विचारावे. आईला मी चुलीपुढे बसून विचारले तेव्हा ती म्हणाली, “तू वर्षभर इथे बसून मी काय करू? लावणीला आणि सुगीला ये, म्हणजे झालं.” मूल्य हे दिशेसारखे असते आणि उद्दिष्ट वाटेवरच्या गावासारखे, असे वहीत लिहिले होते, ते वाक्य चांगले आहे, पण आईने दोन हंगामांची नावेच सांगून टाकली आणि माझे काम त्याने जास्त सोपे झाले. पैशाचा तक्ता सर्वांत आधी करावा, हे खरे तर वर सांगायला हवे होते: चाकणचा वाढीव पगार, तिथले घरभाडे आणि पत्नीची थांबणारी कमाई समोरासमोर लिहिल्यावर वाढ फारच थोडी उरली.

मी बढती नाकारली. त्याऐवजी आयटीआयमधून येणाऱ्या शिकाऊ मुलांना तपासणी शिकवण्याचे काम मागितले आणि ते मिळाले. मुलगा एकटाच पुण्याला गेला. त्याच्या वसतिगृहाचा खर्च बराचसा पत्नीच्या शिवणकामातून भागतो. कायम जनरल शिफ्ट मिळावी हा माझा अर्ज अजून पडून आहे. त्याचे उत्तर येण्याची वाट न पाहता सुगीची रजा मी आत्ताच टाकली आहे आणि ज्यांची शेती आहे त्यांनीही ती आधीच टाकावी, कारण नोव्हेंबरात आमच्या विभागातील निम्म्या लोकांची शेते एकदमच कापणीला येतात.