झोउ श्वानच्या आवाजातला कंप आणि तबकडीचे भोक

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, ‘दिगंतीची गायिका’ या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात चिनी गायिका-अभिनेत्री झोउ श्वानचा आवाज भावनेने थरथरतो आणि तो थरार तिच्या लहानपणच्या दुःखातून आलेला असावा. ते विधान मी आज मागे घेतो. तो थरार तिच्या गळ्यातला नव्हता, ग्रामोफोनच्या तबकडीतला होता, हे गेल्या रविवारी पक्के झाले.

संशय आला तो मोजताना. लांबवलेल्या स्वरावर आवाज वरखाली होत होता, म्हणून घड्याळ लावून हेलकावे मोजले, तर दहा सेकंदांत बरोबर तेरा भरले. तबकडी फिरते मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे दहा सेकंदांत तेराच फेरे. माणसाच्या गळ्यातला कंप सेकंदाला पाच-सहा वेळा होतो, त्यामुळे इतका संथ आणि फेऱ्याशी इतका नेमका जुळणारा हेलकावा गायिकेचा असणे शक्यच नव्हते. आधीच्या कोणा मालकाने मधले भोक कोरून रुंद केले होते आणि तबकडी फिरकीच्या, म्हणजे ती फिरवणाऱ्या चकतीच्या, मधल्या खिळ्यावर एका अंगाला सरकून बसत होती. शेवटच्या कडव्यातच थरार वाढतो असे का वाटले, त्याचेही उत्तर यात आहे. बाहेरच्या खोबणीची त्रिज्या जवळपास बारा सेंटिमीटर असते आणि आत जाताना ती निम्म्यावर येते, त्यामुळे तेवढीच सरक आतल्या भागात दुप्पट ऐकू येते.

उपाय कळायला एक मिनिट लागले, जमायला तीन संध्याकाळी गेल्या. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, समोरून पाहायचा, तो बाहेरच्या बाजूला सर्वांत जास्त जातो त्या क्षणी सुईखाली येणाऱ्या जागी कडेला कागदी पट्टीची खूण करायची, फिरकी थांबवायची आणि तिथून तबकडी खिळ्याकडे केसभर ढकलायची. रबरी चटईवर ती हलेना, म्हणून खाली नमदा घातला. नमद्यावर ती चालू असताना आपोआप सरकू लागली, म्हणून वर हलके वजन ठेवले. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलत एकोणिसाव्या प्रयत्नाला टोनआर्म स्थिर झाला. पेनांगच्या ज्या विक्रेत्याकडून ही तबकडी आली, त्याने ती दोन जाड पुठ्ठ्यांत इतकी नीट बांधली होती की कडेला टवकाही उडाला नव्हता. त्याच्याकडून मी पुन्हा घेईन. जाता जाता एक विनंती: या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. ती लाख त्या काळी जगभर मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे, हे आठवले की शांघायची तबकडी हातात घेताना मला फार जवळचे वाटते.

आणि मग ऐकू आली ती खरी झोउ श्वान. सरळ, बारीक, मायक्रोफोनच्या अगदी जवळून उमटलेला आवाज, एकाही स्वरावर उगाच न रेंगाळणारा. संगीतकार हे लुतिंगने सुझोउकडच्या लोकगीतांवरून चाल बांधली, शब्द त्येन हानचे, आणि १९३७ साली दिग्दर्शक युआन मुझीच्या ‘रस्त्यावरची देवदूत’ या चित्रपटात ती हे गाणे गाते तेव्हा नट झाओ दान साथीला अर्हू हे दोन तारांचे चिनी वाद्य वाजवतो. चित्रपटातल्या मुलीचे नाव श्याओहोंग. झोउ श्वानचे लहानपणचे नावही तेच. चांगझोउला जन्मलेली, जन्मदात्यांपासून दुरावून दुसऱ्यांच्या घरी वाढलेली, संगीतकार ली जिनहुइच्या ‘मिंग्युए’ नृत्यगायन मंडळीत शिकलेली ही मुलगी तेव्हा विशीतही पोचली नव्हती. दुसऱ्या कडव्यात नायिका उत्तरेकडच्या घराकडे पाहून रडते. तिथे झोउ श्वान आवाज चढवत नाही, उलट शब्द जवळजवळ बोलते. हे थराराच्या खाली इतके दिवस दडून राहिले होते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पुढचा बेत ‘शांघायची रात्र’ हे युद्धोत्तर काळातले, १९४७ चे गाणे तबकडीवरून उतरवून घेण्याचा होता. चेन गशिनच्या या रचनेत तिचा आवाज अधिक भरीव आणि कसलेला लागतो, असे मी समजत आलो आहे. परंतु हे समजणेही भोकातून आलेले नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय १९३७ आणि १९४७ ची तुलना लिहिण्यात अर्थ नाही. त्या तबकडीचे भोक मूळचेच, अरुंद आहे, त्यामुळे ती खिळ्यावर सरकवता येत नाही. ते कोरावे असे क्षणभर मनात आले, पण जुन्या वस्तूला इजा करून स्वर सरळ करणे मला पटत नाही. हे लिहिता लिहिताच सुचले की तबकडी कोरण्यापेक्षा खिळाच काढता येईल. ओळखीच्या लेथवाल्याकडून फिरकीचा खिळा काढता-घालता येईल असा करून घेतो आणि तबकडी मोकळ्या चकतीवर बसवून पाहतो.

म्हणून क्रम बदलला आहे. आधी ‘रस्त्यावरची देवदूत’ मधलेच ‘चार ऋतूंचे गाणे’ पुन्हा उतरवायचे, मग १९४७ चे. १९५१ मध्ये मनाच्या आजाराने तिचे काम थांबले आणि १९५७ च्या सप्टेंबरमध्ये शांघायमध्येच मेंदूज्वराने ती गेली, त्यामुळे आपल्याकडे आहे ते एवढेच आहे. लेथवाला शनिवारी खिळा देणार आहे.