जुन्या कव्हरांवरची दुरुस्ती उलटवणं: इंदूर, तिसरी नोंद

टेबलावर इंद्रजाल कॉमिक्सचे तीन जुने मराठी अंक आहेत. तिन्ही खजूरी बाजारातल्या गठ्ठ्यांमधले आणि तिन्हींवर कुणीतरी आधी हात चालवलेला. पहिल्यावर सेलोटेप, दुसऱ्यावर रंगकाम, तिसऱ्याचा कणा पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला. आतापर्यंतच्या कामावरून आमचं मत असं झालंय की दुरुस्ती कोणती हे कमी महत्त्वाचं. लावलेली वस्तू कागदावर बसलीय की तंतूंत शिरलीय, यावर सगळं ठरतं. कापलेली कड मात्र कुठल्याच उपायाने परत येत नाही. म्हणून सुरुवातीलाच त्याच अंकाची न छेडलेली प्रत शेजारी ठेवून उंची-रुंदी मोजावी.

सेलोटेपचा चिकटा आधी ओला चिकट असतो, मग तेलकट होऊन कागदात उतरतो, शेवटी कडक तपकिरी होतो. पहिल्या दोन अवस्थांत तो बराचसा निघतो. हेअर ड्रायर १०-१२ सेंमीवरून फिरवायचा, पातळ स्पॅच्युला कडेखाली सरकवायचा आणि पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून कव्हराला समांतर ओढायची. वर उचलून ओढली की शाईची सालपटं तिच्याबरोबर येतात. उरलेला चिकटा क्रेप रबराने (चिकटा ओढून घेणारं खरबरीत खोडरबर) गोळा होतो. त्यानंतरच ॲसिटोन, तेही आधी लाल शाईच्या कोपऱ्यावर ओलसर बोळा १० सेकंद टेकवून. बोळा गुलाबी झाला तर तिथेच थांबा. जुन्या मालकाने बॉलपेनने नाव लिहिलं असेल तर त्याच्या आसपास ॲसिटोन नकोच, निळा डाग पसरतो. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. पहिल्या अंकाची पट्टी निघालीय, पण तिच्याखालचा तपकिरी पट्टा तसाच आहे. तो आता कागदाचाच भाग झालाय, घासून कव्हर पातळ करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या अंकाने खूप शिकवलं. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली ॲक्रिलिकचे ठिपके छपाईपेक्षा वेगळे दिसले. स्केचपेन तर कव्हराच्या आतल्या बाजूनेच ओळखू आला, कारण त्याचा रंग आरपार झिरपतो. अडचण अशी की रंग बहुतेक वेळा घडीवरच भरलेला असतो, आणि घडीवर छपाईचा थर आधीच तुटून पांढरे तंतू उघडे पडलेले असतात. शाबूत थरावरचं ॲक्रिलिक ॲसिटोनने फुगून बोळ्यावर आलं. घडीतलं मात्र निम्मंही निघालं नाही. स्केचपेनवर पाणी लावू नका, भोवती रंगाचं कडं उठतं. सीजीसी (कॉमिक्सचा दर्जा ठरवणारी अमेरिकी कंपनी) अशा रंगवलेल्या अंकाला 'दुरुस्त केलेला' असं सांगणारं जांभळं लेबल देते, त्यामुळे थोडा रंग उरला तर तो विकताना सांगायलाच हवा. गरम लॅमिनेशन असेल तर हातच लावू नका. फिल्म ओढली की शाई तिच्याबरोबर जाते.

तिसऱ्या अंकाच्या कण्यावर गोंद ओलावून सैल करायला मिथाइल सेल्युलोजचं (पाण्यात फुगणारी पूड) जेल लावलंय: १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम, रात्री भिजवून ठेवलेलं. पातळ टिश्यूवरून १०-१५ मिनिटं, खाली ब्लॉटर (टिपकागद). पिठाची जुनी खळ असती तर एवढ्यात सुटली असती. पीव्हीएचा, म्हणजे हा पांढरा गोंद फक्त फुगून पांढरा, रबरासारखा होतो आणि बोथट स्पॅच्युलाने गुंडाळत काढावा लागतो. घाई केली की कण्याचे तंतू निघतात, आणि जेल जास्त ओलं असेल तर वाळताना पिवळी रेघ उमटते. आत्तापर्यंत ४ सेंमी मोकळा झालाय.

नवी जोडणी मात्र पुढच्याला उलटवता यावी अशीच करायची. कुरडईसाठी काढतो तो गव्हाचा चीक उत्तम, पण आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलून धुवावा, नाहीतर आम्लता राहते. मैद्याची खळ नको: त्यातलं ग्लुटेन कडक होतं आणि किडे येतात. वाळवलेला चीक १० ग्रॅम, पाणी ५० मिली. तासभर भिजवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं सतत ढवळत शिजवायचा. निवला की कापडातून दोनदा गाळून ताकाइतका पातळ करायचा. वर जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ कागद, दर चौरस मीटरला ९ ग्रॅमचा), कडा कापून नाही तर फाडून, म्हणजे तंतू आपोआप मिसळतात. ब्लॉटर १५ मिनिटांनी बदलायचा, मग तासाने, मग रात्रभर काच ठेवून वर वजन.

श्रावणातल्या दमट हवेत खळ नीट वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून उरलेला कणा पाऊस ओसरल्यावरच उघडणार. गंजलेल्या दोन्ही पिना कागदाच्या पाकिटात, अंकाबरोबर ठेवल्यात.