आयोवाच्या खडूस बचावाची नोंदवही: तिसरा महिना

आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०२३ च्या हंगामातील चौदाही सामन्यांची नोंद या महिन्यात एकदाची पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा बराचसा भाग खोडावा लागला. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या) आधी मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, उभे दिसले की मी बचावपद्धतीच्या रकान्यात डोळे झाकून 'कव्हर टू' (दोघांनी मागचे मैदान अर्धे-अर्धे राखणे) लिहीत आलो होतो. आयोवाच्या बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर यांचा बचाव स्नॅपपूर्वी बहुतेक वेळा तसाच दिसतो. खरा फरक चेंडू हलल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी दूरचित्रवाणीच्या चित्रात सेफ्टी चौकटीबाहेर असतात. बावीसही खेळाडू दाखवणारे प्रशिक्षकांचे चित्रण आपल्यासारख्या हौशी लोकांच्या हाती लागत नाही, म्हणून आता मी प्रत्येक प्ले (एका स्नॅपपासूनची चाल) गोलपोस्टच्या मागून दाखवलेल्या रिप्लेवरून तपासतो आणि रिप्ले नसेल तर रकाना कोरा ठेवतो. कोऱ्या रकान्यांची संख्या मनाला लागते खरी, पण पहिल्या खेपेचा अनुभव पुरे झाला.

या फेरतपासणीतून हाती लागलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मागचे मैदान चौघांत वाटून घेणाऱ्या 'क्वार्टर्स' या पद्धतीबद्दलचा माझा गैरसमज दूर झाला. मैदानाची रुंदी १६० फूट, मागे चार जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० फूट; चौघेही मागे सरले की समोरचा संघ छोटे पास खेळत राहणार, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात या पद्धतीतला सेफ्टी मागे सरण्याऐवजी थांबून पाहतो. त्याची नजर कडेपासून मोजलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) असते. तो सरळ खोल धावला तर सेफ्टीने त्याला उचलायचे; तो लवकर बाहेर वळला तर त्याला पुढच्या फळीच्या हवाली करून कडेच्या रिसीव्हरवर कॉर्नरबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मदतीला जायचे; आणि तो ब्लॉक करू (बचावपटूला अडवू) लागला तर रन, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याची चाल, आहे हे ओळखून पुढे झेपावायचे. त्यामुळे कागदावर चार जण मागे ठेवणारा हाच बचाव रनच्या वेळी दोन्ही सेफ्टी पुढे आणून नऊ जणांनिशी भिडू शकतो. २०१८ च्या हंगामात तिसऱ्या लाइनबॅकरऐवजी (मधल्या फळीतल्या बचावपटूऐवजी) अमानी हूकर यांना 'कॅश' या जागेवर खेळवायला सुरुवात झाली, त्यामागचे कारणही मला आत्ता कुठे उमगले: आतल्या रिसीव्हरबरोबर धावू शकणारा आणि रनही अडवू शकणारा गडी तिथे असला, की सेफ्टीला थांबून पाहायला तो अर्धा क्षण मिळतो. म्हणून नोंदवहीत मी 'सेफ्टीने कोणाकडे पाहिले' असा एक नवा रकाना आखला आहे.

मुंबईच्या जुन्या क्रिकेटला आपण ज्या अर्थाने खडूस म्हणतो, त्याच अर्थाने मी या बचावाला खडूस म्हणतो. एकेरी धाव हवी तर घ्या, चौकार मिळणार नाही. ब्लिट्झ (जादा गडी अंगावर सोडणे) बेताचाच, चार जण क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) अंगावर आणि सात जण मागे. स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवरून निघालेल्या संघाला मोठा प्ले मिळू दिला नाही, तर टचडाउनपर्यंत (चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेण्यापर्यंत) जाण्यासाठी त्याला साधारण सात वेळा दहा-दहा यार्ड मिळवावे लागतात. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ८० टक्के धरली, आणि हा आकडा मी बराच उदार हाताने धरला आहे, तरी सलग सात वेळा ते जमण्याची शक्यता २१ टक्केच उरते. बारा-पंधरा प्लेंच्या त्या वाटचालीत कोणीतरी झेल सोडतो, कोणीतरी होल्डिंगचा दंड ओढवून घेतो, नाहीतर कंटाळलेला क्वार्टरबॅक नसलेल्या फटीतून पास घुसवायला जातो. झोनमध्ये (गड्याऐवजी जागा राखत) खेळणाऱ्या कॉर्नरबॅकचे तोंड चेंडूकडे असल्यामुळे तोच पास त्याच्या हातात पडतो. २०१७ मध्ये आयोवाचे कॉर्नरबॅक जॉश जॅक्सन यांनी घेतलेल्या आठ इंटरसेप्शनपैकी (पकडलेल्या विरोधी पासांपैकी) तीन ओहायो स्टेटवरच्या ५५-२४ या विजयातली होती, आणि २०२१ मध्ये आयोवाची २५ इंटरसेप्शन देशात सर्वाधिक ठरली. ही चोरी नशिबाची आहे असे मीही पूर्वी म्हणत असे.

२०२३ ची बेरीज मात्र मी दोनदा तपासली, कारण ती खरी वाटेना. आयोवाने चौदा सामन्यांत २१६ गुण केले आणि २०७ दिले. दहा विजयांत २०६ गुण मिळवले आणि १०३ दिले, म्हणजे बरोबर निम्मे. चार पराभवांत १० मिळवले आणि १०४ दिले. जिंकलेल्या एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्याला १६ पेक्षा अधिक गुण मिळाले नाहीत, आणि हरलेल्या चारपैकी पेन स्टेट, मिशिगन व टेनेसीविरुद्धच्या तीन सामन्यांत आयोवाला भोपळाही फोडता आला नाही. पार्कर यांना त्या वर्षी सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. परंतु ही व्यूहरचना गुणफलक अटीतटीचा राहील या गृहीतकावर उभी आहे. दोन टचडाउनची पिछाडी झाली की समोरच्याला घाई उरत नाही, आणि ज्याला घाई नाही त्याच्या अधीरपणावर पैज लावून काय उपयोग? या गृहीतकाला खरा टेकू पंटर, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्याला मागे ढकलणारा गडी, देतो. मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलर यांनी त्या हंगामात पंटचे ४,४७९ यार्ड जमवून एनसीएएचा (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा) विक्रम केला. माझ्या नोंदवहीत पंटसाठी सुरुवातीला रकानाच नव्हता, ही दुसरी चूक.

सावधपणाची परिसीमा पाहायची असेल तर २००४ चा पेन स्टेटविरुद्धचा सामना पाहावा. (सेफ्टी हे खेळाडूचेही नाव आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, अडकल्यावर समोरच्याला मिळणाऱ्या दोन गुणांचेही, माझ्या नोंदींत त्यामुळे झालेला गोंधळ वेगळाच.) चौथ्या क्वार्टरमध्ये आयोवा ६-२ असा पुढे असताना मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्झ यांनी स्वतःच्या एंड झोनमधून पंट मारण्याचा धोका न पत्करता मुद्दाम सेफ्टी दिली. दोन गुण गेले, पण त्यानंतरची किक २० यार्डांच्या रेषेवरून, कोणाचाही हात आडवा न येता मारता आली. सामना ६-४ असा संपला आणि पेन स्टेटचे चारही गुण सेफ्टीचेच होते. हा निर्णय मी आधी भित्रेपणात जमा केला होता. समोरच्या आक्रमणाला त्या दिवशी टचडाउन जमणार नाही याची खात्री असल्याशिवाय चार गुणांची आघाडी कोणी दोनवर आणणार नाही, म्हणून आता तो मी धाडसाच्या बाजूला लिहिला आहे. २०२२ मध्ये साउथ डकोटा स्टेटविरुद्ध आयोवाने एका फिल्ड गोल आणि दोन सेफ्टींच्या बळावर ७-३ असा विजय मिळवला. तो मात्र पाहण्यास तितकाच कंटाळवाणा आहे जितका ऐकण्यास वाटतो.

हॅश मार्कचा, म्हणजे चेंडू ठेवण्याची हद्द ठरवणाऱ्या मैदानावरच्या खुणांचा, अभ्यास अजून कच्चा आहे. महाविद्यालयीन मैदानावर हे दोन हॅश एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, तर व्यावसायिक मैदानावर अवघ्या साडेअठरा फुटांवर. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट आणि दुसऱ्या बाजूला ६० फूट जागा उरते, आणि अरुंद बाजूला सेफ्टी अधिक निर्धास्तपणे पुढे येतो, असा मला संशय आहे. तो पडताळण्याइतक्या नोंदी अद्याप झालेल्या नाहीत.

पुढचा महिना त्याच राज्यातल्या आयोवा स्टेटसाठी राखून ठेवला आहे. तिथल्या बचावाचे प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी २०१७ मध्ये तीन सेफ्टी मागे ठेवून, बऱ्याचदा तिघेच पुढे पाठवून आठ जणांना झोनमध्ये सोडणारा बचाव रुजवला, आणि ७ ऑक्टोबरला नॉर्मन येथे तिसऱ्या मानांकित ओक्लाहोमाला त्या संघाने ३८-३१ असे हरवले. त्याच वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवणारे बेकर मेफिल्ड तेव्हा ओक्लाहोमाचे क्वार्टरबॅक होते. मधला सेफ्टी स्नॅपनंतर लाइनबॅकरसारखा किती वेळा खाली उतरतो, एवढेच मला मोजायचे आहे. तुमच्यापैकी कोणाकडे त्या सामन्याचे मागच्या कोनातील रिप्ले असलेले पूर्ण चित्रण असेल तर कृपया कळवावे; माझ्याकडील प्रतीत तिसरा क्वार्टर अर्धाच आहे.