सुईची भीती आणि ‘अंग सैल सोड’

आज भुसावळला रक्तदान शिबिरात सुई पाहताच एक तरुण पांढराफटक पडला. भोवतालचे मायेनं सांगत होते, “भाऊ, अंग सैल सोड.” नेमकं हेच करायचं नसतं!

बहुतेक फोबियांत (एखाद्या गोष्टीच्या अतोनात भीतीत) रक्तदाब चढतो. रक्त-सुईच्या भीतीत अनेकांचा तो थोडा चढून एकदम कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडतं, चक्कर येते. त्यात आपलं ऊन आणि पाणी न पिता आलेला माणूस, म्हणजे आणखी लवकर.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांची पद्धत यावर उत्तम: स्नायू आवळून रक्तदाब कोसळू द्यायचा नाही. बसून दंड, पोट, मांड्या १०-१५ सेकंद आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग २०-३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, पूर्ण सैल नाही. असं ५ वेळा. श्वास कोंडू नका. डोकं दुखलं तर जोर कमी करा. सुई टोचायचा हात तेवढा सैल ठेवा.

हे जमलं की भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायचं: आधी सुईचा फोटो, मग रिकामी सिरिंज, मग दुसऱ्याला टोचताना पाहणं. घाबरून मध्येच पळालं तर सुटल्याचा दिलासा भीतीच पक्की करतो, म्हणून पायरी लहान घ्या. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.