सोपवलेल्या सत्तेच्या कथा : काय वाचावे, काय बाजूला ठेवावे

प्रौढांसाठीच्या शृंगारिक साहित्यात एक दालन असे आहे, ज्याची शिफारस करायला आपल्याकडे भलेभले वाचकही कचरतात. दोन सज्ञान व्यक्तींपैकी एकीने आपण होऊन दुसरीच्या स्वाधीन होणे, दुसरीने आज्ञा देणे, बांधणे, शिक्षा करणे, आणि या व्यवहारात दोघांनाही सुख लाभणे, हा या कथांचा गाभा असतो. अशा संबंधांसाठी वापरली जाणारी बीडीएसएम ही अक्षरे आता मराठी वाचकांच्याही परिचयाची झाली आहेत. नाशिकला गंगापूर रोडच्या परिसरात आमचा जो छोटा वाचनगट जमतो, त्यात हा विषय निघाला की सगळ्याजणी गप्प होतात आणि मग निघताना, चपला घालता घालता, एखादी हळूच विचारते, "ताई, यातले चांगले काही असेल तर सांगा ना." हे लिखाण असे विचारणाऱ्या, अठरा वर्षांपुढच्या वाचकांसाठी आहे.

शिफारस करताना पुस्तक किती धीट आहे, हे मी पाहत नाही. कथेत सत्ता दिली जाते की हिसकावली जाते, आणि जो ती देतो त्याचे मन वाचकाला दिसते की नाही, हे पाहते. शरण जाणाऱ्याला नेमके काय हवे आहे, त्याला कशाची भीती वाटते, कोणत्या क्षणी तो 'पुरे' म्हणेल आणि म्हटल्यावर समोरचा खरोखर थांबेल का, या प्रश्नांना जी कथा भिडते ती वाचनीय होते, मग तिच्यात साधे चुंबनसुद्धा नसले तरी चालते. याउलट चाबूक आणि साखळ्यांची रेलचेल असूनही जिच्यात एक पात्र केवळ वस्तू म्हणून वावरते, ती चार पानांत कंटाळवाणी होते. अशा संबंधांत प्रत्यक्ष राहणारे लोक आधी मर्यादा बोलून घेतात, थांबण्यासाठी सेफ वर्ड ठरवतात, आणि सगळे आटोपल्यावर एकमेकांना सावरण्याला, ज्याला ते आफ्टरकेअर म्हणतात, मूळ खेळाइतकेच महत्त्व देतात. कथेत हे नियमावलीसारखे यावे असा माझा आग्रह नाही, परंतु लेखकाला ते उमगले आहे की नाही, हे पहिल्या काही प्रकरणांतच कळते.

या कसोटीवर मी सर्वात आधी नाव घेते ते १८७० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या 'व्हीनस इन फर्स' या लघुकादंबरीचे. तिचा लेखक लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख याच्या आडनावावरून क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने 'मॅसोकिझम', म्हणजे वेदनेत किंवा मानहानीत सुख वाटणे, ही संज्ञा तयार केली, तीही लेखक हयात असताना. तेव्हापासून ही कादंबरी साहित्यकृती म्हणून कमी आणि रोगाचा नमुना म्हणून जास्त वाचली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. सेव्हेरिन हा तरुण वांडा या श्रीमंत विधवेच्या प्रेमात पडतो आणि तिने आपल्याला गुलाम करावे म्हणून तिची मनधरणी करतो. वांडा आधी ते हसण्यावारी नेते, मग बिचकते, मग त्याच्या हट्टाखातर तयार होते आणि हळूहळू त्या भूमिकेत रमते. दोघांमध्ये लेखी करार होतो. फ्लॉरेन्सला जाताना ती रेल्वेच्या पहिल्या वर्गात बसते आणि नाव बदलून तिचा नोकर झालेला सेव्हेरिन तिसऱ्या वर्गात, शेतकरी, फेरीवाले आणि शिपाई यांच्या गर्दीत, कांद्याच्या दर्पात प्रवास करतो. या प्रसंगात कोणी कोणाला हातही लावत नाही, तरी साऱ्या कादंबरीतला सर्वात तीव्र शृंगार मला तिथेच जाणवतो, कारण जे त्याने मागितले तेच त्याला मिळत असते आणि त्याची किंमत त्याला तिथे प्रथम कळत असते.

ही कादंबरी मी पुनःपुन्हा सुचवते, ती तिच्यातल्या एका अनुत्तरित प्रश्नासाठी. चाबूक वांडाच्या हातात आहे, पण तो हातात देणारा सेव्हेरिन आहे; तिने अंगावर फर घ्यावी हा हट्टही त्याचाच. आपल्यातल्या या धोकादायक प्रवृत्ती तूच जाग्या केल्यास, असे ती त्याला बजावते. मग आज्ञा कोणाची चालते? आमच्या गटात यावर दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत. स्वतः लेखकाने १८६९ मध्ये फॅनी पिस्टर या स्त्रीशी सहा महिन्यांचा असाच करार केला होता, ही माहिती मी मुद्दाम कादंबरी वाचून झाल्यावरच सांगते, नाहीतर वाचक पात्रांना विसरून लेखकाच्या मागे लागतो. शेवटी सेव्हेरिन कडवट होतो आणि स्त्री ही एकतर पुरुषाची गुलाम होऊ शकते किंवा जुलमी स्वामिनी, सहचारिणी मात्र नाही, असा निष्कर्ष काढतो. परंतु तिला पुरुषाइतकेच हक्क, शिक्षण आणि काम मिळेपर्यंत, अशी जोडही तोच देतो. हे वाक्य १८७० सालचे आहे, हे विसरू नये.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणणारे कोणी भेटले की मी कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाकडे बोट दाखवते. त्यात नखक्षते, दंतक्षते आणि प्रहणन म्हणजे रतिक्रीडेतले प्रहार यांचा शांतपणे, शास्त्रकाराच्या शिस्तीने विचार केलेला आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वात्स्यायन तिथेच धोक्याची उदाहरणेही देतो. चोल राजाच्या हातून अशा प्रहारात चित्रसेना ही गणिका दगावली, आणि कुंतलाच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून महादेवी मलयवती. भरधाव घोड्याला वाटेतला खांब किंवा खड्डा दिसत नाही, तसे आवेगात माणसाचे होते, म्हणून समोरच्या व्यक्तीची नाजुकता आणि बळ व स्वतःची ताकद ओळखूनच हे करावे, असे तो सांगतो. त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत याच सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नाशिकच्या वाचकाला मलयवतीचे नाव परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

बहुतेकींचा या विषयातला प्रवेश मात्र 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या २०११ च्या कादंबरीतून झालेला असतो. तिच्यावर मी फार वेळ घालवत नाही. तिच्यात कराराची पाने आहेत, पण नायिका त्यावर कधी सहीच करत नाही, आणि नायक तिच्या फोनवरून तिचा ठावठिकाणा काढत न बोलावता येऊन उभा राहतो. ही पाळत आहे. तिला सोपवलेल्या सत्तेचे नाव देता येणार नाही. कादंबरी आवडली असेल तर जरूर आवडू द्यावी, फक्त तिच्यावरून या संबंधांची कल्पना बांधू नये.

याच्या शेजारी मी मेरी गेट्सकिल यांची 'सेक्रेटरी' ही कथा ठेवते, जी त्यांच्या १९८८ च्या संग्रहात आहे. वकिलाच्या कार्यालयातली तरुण टंकलेखिका, टंकनातल्या चुका, आणि त्यासाठी साहेबाने दिलेली शारीरिक शिक्षा. तिला कोणी काही विचारलेले नाही. तिच्या शरीरात तरीही काहीतरी जागे होते, तिला त्याची लाजही वाटते, आणि लेखिका हा गुंता सोडवून देत नाही. २००२ च्या चित्रपटाने याच कथेचे प्रेमकथेत रूपांतर केले. चित्रपट देखणा आहे. कथा अधिक खरी आहे. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना मी कथाच देते, आणि आपल्याकडच्या २०१३ च्या कायद्यानुसार त्या साहेबाचे वर्तन लैंगिक छळच ठरले असते, हेही सांगते. शृंगारिक सुख आणि अन्याय एकाच प्रसंगात कसे राहू शकतात, याचा इतका प्रामाणिक विचार मी क्वचितच वाचला आहे.

'स्टोरी ऑफ ओ' माझ्या यादीत नाही. पोलीन रेआज या टोपणनावाने ती १९५४ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली आणि लेखिकेने आपली ओळख उघडपणे सांगायला १९९४ साल उजाडले. भाषा संयत आहे, धाडस निर्विवाद आहे. परंतु तिच्यात एक पंधरा वर्षांची मुलगी या सगळ्यात ओढली जाते, आणि जिथे अल्पवयीन व्यक्ती आली तिथे संमतीची भाषाच उरत नाही. अशा पुस्तकाची मी शिफारस करत नाही, त्याची कीर्ती कितीही मोठी असो.

मराठीत या प्रकारचे लिखाण पुढे का आले नाही, याचे एक कारण भीती हे आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा देईपर्यंत लेखकाची वर्षे गेली. त्या कथेत आजच्या वाचकाला दचकवील असे काही नाही. एकीकडे हा धाक आणि दुसरीकडे स्टेशनवरची पिवळी पुस्तके, यांच्या मधली जागा मोकळीच राहिली.

म्हणून अगदी नवख्या वाचकाला मी हल्ली जयदेवाच्या गीतगोविंदाचा दहावा सर्ग आधी वाचायला सांगते. रागावलेल्या राधेला कृष्ण विनवतो की खरेच रागावली असशील तर मला शिक्षा कर: कटाक्षांचे बाण मार, बाहूंनी बांधून घाल, दातांनी चाव, ज्याने तुला सुख होईल ते कर, आणि पुढे तिची पावले आपल्या मस्तकावर मागतो. बाराव्या सर्गात राधा त्याला एकेक आज्ञा देते, आपला साजशृंगार पुन्हा नीट करून मागते, आणि तो आनंदाने ते करतो. बाराव्या शतकातल्या या काव्यात मागणे, स्वीकारणे, आणि नंतरची निगुतीने केलेली काळजी, सगळे क्रमाने आले आहे. एका मैत्रिणीने विचारले होते, "ताई, शिक्षा आली की प्रेम कुठे राहिले?" तिला मी दुसरे काही न बोलता हे दोन सर्ग अर्थासह दिले होते.

पुस्तक देण्यापूर्वी मी दोन गोष्टी विचारते: काय वाचायला अजिबात नको आहे, आणि घरात हे पुस्तक कोणाच्या हाती पडलेले चालणार नाही. पहिल्याचे उत्तर अनेकदा जुन्या जखमेतून येते आणि त्याची चौकशी मी करत नाही. त्या प्रकारचा मजकूर असलेले पुस्तक बाजूला ठेवते. दुसऱ्यासाठी ई-रीडर सोयीचा पडतो, त्याला मुखपृष्ठ नसते. आता मला प्रतीक्षा आहे ती मराठीतल्या अशा कथेची, जिच्यात इंदिरानगरमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चाळिशीतले नवराबायको मुले झोपल्यावर ओट्यापाशी उभे राहून आज काय चालेल आणि काय नाही, हे एकमेकांना नीट विचारतात, आणि ते विचारणेच लेखकाने पानभर रंगवलेले असते. कोणी लिहीत असेल तर गटात वाचून दाखवायला मी तयार आहे.