गुऱ्हाळावरचा नमुना

सोमवार

पौष लागला की करवीर, पन्हाळा, कागलकडच्या गुऱ्हाळांची चुलवाणं (रस आटवायच्या भट्ट्या) रात्रंदिवस पेटलेली असतात. या दिवसांत तपासणीच्या पिशवीत लाखेच्या कांड्या जरा जास्तच टाकाव्या लागतात. लोक अजून 'फूड इन्स्पेक्टर'च म्हणतात. नवा कायदा २०११ साली अंमलात आला तेव्हापासून कागदावर 'अन्न सुरक्षा अधिकारी' आहे, आणि हा माणूस राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा. महापालिकेचा आरोग्य निरीक्षक वेगळा. पण तक्रार आधी महापालिकेतच जाते, तिथून फिरून इकडे येते.

कोल्हापुरात गुळाचं सगळं दुखणं रंगात आहे. नुसत्या चुन्यावर आणि भेंडीच्या पाण्यावर मळी काढलेला गूळ तांबूस-तपकिरी होतो. मार्केट यार्डातल्या सौद्यात मात्र पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) आधी उचलला जातो. गुजरातचं गिऱ्हाईक तोच मागतं. गुळव्याला विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: "साहेब, रंग न्हाई तर हात कोण लावतंय?" तो खोटं बोलत नाही. मग काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) हायड्रोसची, म्हणजे रंग उडवणाऱ्या गंधकयुक्त पावडरीची, मूठ पडते आणि रस बघता बघता उजळतो. मागे उरतो तो सल्फर डायऑक्साइड. गुळात त्याची मर्यादा दहा लाख भागांत ७० भाग. मूठ टाकणाऱ्याच्या हाताला ही मर्यादा कुठून कळायची?

रंग टाकलाय का, याचा अंदाज जागेवर घेता येतो. चमचाभर गूळ पाण्यात विरघळवून वर हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. गुलाबी-लाल छटा आली तर मेटॅनिल यलोचा, म्हणजे खाण्यात बंदी असलेल्या पिवळ्या रंगाचा, संशय. फेस उसळला तर धुण्याचा सोडा किंवा खडूची पूड. हा फक्त अंदाज, पुरावा नव्हे. परीक्षानळीतला गुलाबी रंग बघून पंचनाम्यात 'भेसळ आढळली' असं लिहिणारा पुढे सुनावणीत अडकतो. लिहायचं ते एवढंच, की नमुना घेतला.

मंगळवार, रात्री

रंगापेक्षा अवघड प्रकरण साखरेचं.

गुळाचं मानक नीट वाचलं की पेच कळतो. कोरड्या वजनावर एकूण साखर किमान ९० टक्के, त्यात सुक्रोज (नेहमीची ऊससाखर) किमान ६० टक्के, राख जास्तीत जास्त ६ टक्के, पाण्यात न विरघळणारा गाळ जास्तीत जास्त २ टक्के. आता काहिलीत साखरेची पोती ओतली तर काय होतं? सुक्रोज वाढतं, राख घटते, गाळ घटतो. म्हणजे भेसळ केल्यावर अहवाल आणखी चांगला येतो! मधात उसाची साखर पकडणारी कार्बन समस्थानिकांची चाचणी इथे लंगडी पडते, कारण गूळही उसाचा आणि साखरही उसाचीच.

साखर घालण्यामागे नुसता लोभ नसतो. पंचगंगेच्या पुरात बसलेला, तोडून चार दिवस पडलेला किंवा लोळलेला ऊस आला की त्यातल्या सुक्रोजचं विघटन झालेलं असतं. असल्या रसाचा गूळ बसत नाही, वाफ्यात (गूळ निववायच्या हौदात) लोण्यासारखा राहतो. साखर पडली की रवा टणक होतो, रंगही फिकट येतो. त्यातून बाजारात साखर गुळापेक्षा स्वस्त असली की मग विचारायलाच नको.

म्हणून साखरेच्या प्रकरणात नुसत्या नमुन्याच्या बरणीवर भिस्त ठेवायची नाही. गूळ म्हणजे रस आटवून केलेला पदार्थ, हे कायद्यातच आहे. तेव्हा रसाशिवाय दुसरं काही तिथे होतं, हे कागदावर यायला हवं. साखरेची पोती चिपाडाच्या गंजीआड, नाहीतर मजुरांच्या खोपीत असतात. पोत्यांवरचे छाप, मोजणी, वजन, सगळं पंचनाम्यात. आणि एक साधा हिशेब. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. वहीत १० टन ऊस गाळल्याची नोंद असेल तर ३० किलोचे ३३ ते ४० रवे व्हायला हवेत. खोपीत ६० रवे मोजले गेले तर वरच्या सहा ते आठशे किलोंचा ऊस कुठे आहे, हे मालकाने सांगायचं. 'कालचा माल आहे' हे उत्तर येणारच. म्हणून कालची पानंही त्याच वेळी, त्याच्या सहीसह घ्यायची. दुसऱ्या दिवशी मागितलेली वही नवीन शाईची असते.

बुधवार

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा घाईने. वाफ्यातला गरम गूळ तसाच बरणीत भरला की झाकणाला आतून पाणी धरतं आणि प्रयोगशाळेत ओलावा जास्त निघतो. गूळ गार होऊ द्यायचा. तयार रवा असेल तर वरचा, मधला, तळाचा असे तिन्ही तुकडे फोडून, कुटून एकजीव करायचे आणि मग चार भाग. बरण्या कोरड्याठाक हव्यात, झाकण हवाबंद. गुळाला हवेतलं पाणी ओढायची सवय असते. बाजारभावाने पैसे देऊन पावती घ्यायची. नमुना फुकट उचलायचा नसतो.

पुढचं काम किचकट. बरणीवर लेबल, त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याचा (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाचा) सांकेतिक क्रमांक. मग जाड कागदाचं वेष्टन, कडा दुमडून चिकटवलेल्या. त्यावर तळापासून माथ्यापर्यंत फिरून येणारी त्याच अधिकाऱ्याच्या सहीची पट्टी. मालकाची सही अशी, की थोडी पट्टीवर आणि थोडी वेष्टनावर यावी. खळ ओली असताना सही घेतली तर पेन घसरतो, शाई फुटते. पाच मिनिटं थांबायचं. वरून दोरा, आणि लाखेचे किमान चार स्पष्ट ठसे: माथ्यावर एक, तळाला एक, अंगावर दोन. दोऱ्याची गाठ लाखेखालीच जायला हवी. उघड्यावर वाऱ्याने मेणबत्ती टिकत नाही, म्हणून हे काम चुलवाणाच्या आडोशाला. लाख फार पातळ झाली तर ठसा पसरतो. पितळी मोहोर पाण्यात बुडवून मारली की चिकटत नाही.

चारपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग मालकाला स्वखर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण त्याने तसं मागावं लागतं. हा हक्क त्याला सांगायचा, आणि सांगितल्याचं लिहूनही ठेवायचं. बहुतेक जण 'नको साहेब' म्हणतात आणि अहवाल विरुद्ध गेल्यावर 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणतात.

नमुना दुसऱ्या कामाच्या दिवशीपर्यंत रवाना. मोहोरेच्या ठशाची प्रत नमुन्यासोबत बांधायची नाही, वेगळ्या बंद पाकिटात पाठवायची. विश्लेषकाला १४ दिवस, अहवालावर अपिलाला मालकाला ३० दिवस. तोवर हंगाम पुढे सरकलेला असतो, रवे कधीच खाल्ले गेलेले असतात.

पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, मिळवणं ही निराळीच कसरत. गुऱ्हाळावर उभा असलेला प्रत्येक जण त्याच गुऱ्हाळाला ऊस घालणारा. त्यातल्या त्यात बरा पंच म्हणजे दुसऱ्या गावचा ट्रॅक्टरवाला. त्याला घाई असते. म्हणून त्याची सही आधी घ्यावीशी वाटते. तीच चूक. लाख लागायच्या आधी केलेली पंचाची सही उलटतपासणीत पहिल्या प्रश्नातच पडते. त्याला चहा द्यायचा, चौथ्या बरणीचा चौथा ठसा गार होईपर्यंत बसवायचं.