अंगणातल्या आंब्यावरची सीतेची वेणी

सावंतवाडीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात एक जुना रायवळ आंबा आहे आणि मे महिना सरत आला की त्याच्या खोडावर सीतेची वेणी फुलते. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके असलेल्या फुलांचा तो लोंबता, दाट तुरा पाहिला की हे नाव कसे पडले असेल, हे कोणाला सांगावे लागत नाही. ही झाडांवर वाढणारी एक आमरी, म्हणजे ऑर्किड; ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा हे तिचे शास्त्रीय नाव. आसाममध्ये तिलाच कपौ फूल म्हणतात, बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचे राज्यफूलही आहे.

ही रोपे मी जंगलातून आणलेली नाहीत. शेजारच्या वाडीतला एक फणस तोडला गेला, तेव्हा त्याच्या फांद्यांवरची तीन रोपे मालकांना विचारून घरी आणली. रानातली आमरी ओरबाडून आणण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण सालीला घट्ट चिकटलेली तिची मुळे सोडवताना हमखास तुटतात आणि तितके मोठे रोप पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे जातात.

त्या तिघांपैकी एक रोप मी गमावले, आणि त्याचे दुःख मला आजही आहे. मी ते शेणखत घातलेल्या मातीच्या कुंडीत लावले होते. पहिल्याच पावसाळ्यात त्याची मुळे काळी पडून कुजली. या वनस्पतीच्या जाड मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते, ते पाऊस पडताच पाणी शोषून हिरवट दिसू लागते आणि नंतर त्याला वारा लागून लवकर सुकावेही लागते. मातीत ही सुकण्याची सोयच राहत नाही.

उरलेली दोन रोपे जूनच्या पहिल्या सरींनंतर आंब्याला बांधली. साल खडबडीत आणि टिकणारी हवी; पेरू किंवा निलगिरी यांची साल सुटून पडते, म्हणून ती झाडे उपयोगाची नाहीत. सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी बाजू निवडून मी मुळे सालीवर पसरली आणि काथ्याने आवळून बांधली. शेंडा किंचित बाहेर कलता ठेवला, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. पावसाळाभर वेगळे पाणी घालावे लागले नाही. हिवाळ्यात मात्र ते बेताने आणि सकाळीच शिंपडते. नव्या मुळांनी खोड पकडल्यावर काथ्या आपोआप कुजून गेला तरी चालतो.

नवी रोपे तयार करण्याचा सोपा मार्ग म्हणजे उंच झालेल्या रोपाचा शेंडा, त्याला स्वतःची दोन-तीन निरोगी मुळे असतील तरच, स्वच्छ धारदार पात्याने कापून वेगळा बांधणे. खालचे खोड टाकून देऊ नये, त्याच्या बगलेतून पुढे नवे कोंब येऊ शकतात. छेद सुकेपर्यंत पाणी लागू देऊ नये, म्हणून हे काम मी पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत करते.

बियांची वाट मात्र फार लांबची आहे. दात कोरायच्या काडीने एका फुलातला परागपुंज काढून दुसऱ्याच्या चिकट खळगीत ठेवला, तर फूल कोमेजते, देठाजवळचा भाग फुगतो आणि काही महिन्यांनी बोंड पिकते. आतले बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो, म्हणून निसर्गात योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. १९२२ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीविना आमरीचे बी रुजवता येते हे दाखवले, आणि आजची प्रयोगशाळेतली लागवड त्याच पायावर उभी आहे. घरी तेवढी निर्जंतुक सोय नसल्याने मी पिकलेल्या बोंडाची भुकटी मूळ रोपाच्या मुळांजवळच्या ओलसर सालीवर सोडते, कारण ती बुरशी कुठे असलीच तर तिथेच असण्याची शक्यता जास्त. दोन पावसाळे काहीच दिसले नाही. यंदा श्रावणात एका भेगेत मोहरीएवढे तीन हिरवे ठिपके दिसले असून, त्या बाजूच्या सालीला मी कोणालाही हात लावू देत नाही.